सुंदरचे सात बळी आणि गहुंज्यातलं पाणी

२४ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळ गहुंज्याला भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत ७ बळी घेतले आणि पाहुणे २५९ वर आटोपले. मी दिवसभर घरी टीव्हीसमोर बसून होतो. रचिन रवींद्रचा त्रिफळा उडवणारा चेंडू किती वळला, सुंदरची बोटं शिवणीवर कशी होती, बॅट आणि पॅडमध्ये किती फट राहिली, हे सगळं हळू गतीत आणि चार-पाच कोनांतून पाहून झालं. चेहरे रंगवलेली पोरं दिसली, गमतीदार पाट्या दिसल्या, कॅमेरा आपल्यावर आलाय हे कळल्यावर लाजणारी आजीही दिसली.

त्याच वेळी त्याच मैदानात लोक प्यायला पाणी नाही म्हणून संघटनेविरुद्ध घोषणा देत होते, हे मला कळलं दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून. गहुंज्याच्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, आणि ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पाणी आणणाऱ्या गाड्या वाहतुकीत अडकल्या होत्या म्हणे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला शेवटी जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रेस बॉक्समधल्या बातमीदारांनी हे लिहिलं. समालोचन कक्षातून याबद्दल एक अक्षर मला ऐकू आलं नाही. चहापानाला उठलो तेव्हा कुणी ओझरतं काही म्हणालं असेल तर माझ्या कानाची चूक समजा.

पाण्याची बाटली ही काही राष्ट्रीय आपत्ती नव्हे, मान्य. पण मला या लेखात जे म्हणायचं आहे ते सगळं त्या बाटलीत आहे. सामना दाखवणं हे एक काम आणि सामन्याची बातमी देणं हे दुसरं. दोन्हीकडे माइक असतो, कोट-टाय असतो, जाणकार चेहरे असतात, त्यामुळे ती आपल्याला एकच वाटतात. टीव्हीवर सामना पाहणारा प्रत्येक माणूस समजतो की मैदानात जे घडतंय ते आपल्याला कुणीतरी त्रयस्थपणे सांगतंय. प्रत्यक्षात सांगणारा माणूस यजमानाचा असतो. लग्नात आलेल्या पाहुण्यांना जेवण कसं झालं ते आचाऱ्याच्या मुकादमाने सांगावं, तसा हा प्रकार आहे.

भारतातल्या सामन्यांचं चित्रण गेली अनेक वर्षं बीसीसीआय स्वतः करतं. कॅमेरे कुठे लावायचे, कुणावर रोखायचे हे ठरवणारी माणसं बोर्डाच्या पगारावर असतात. जगभर जाणाऱ्या मूळ इंग्रजी प्रक्षेपणासाठी समालोचक बोर्ड नेमतं. वाहिनी पैसे मोजते आणि तयार चित्र घेते. पैसे तरी किती? २०२३ ते २०२७ या पाच आयपीएल हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, ४१० सामन्यांसाठी. भागाकार केला तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी, आणि एका डावात १२० प्रमाणे २४० चेंडू धरले तर एका चेंडूला ४९ लाखांच्या आसपास. एका चेंडूसाठी ४९ लाख मोजलेल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला मालातली खोट दाखवावी, ही अपेक्षाच भाबडी आहे. सामना कंटाळवाणा असला तरी तो कंटाळवाणा आहे असं म्हणायची सोय राहत नाही. आयपीएलच्या सुरुवातीच्या हंगामांत साधा षटकारही प्रायोजकाच्या नावाने ‘डीएलएफ मॅक्सिमम’ झाला होता आणि झेल ‘कार्बन कमाल कॅच’. २०१० साली मैदानावर तरंगणाऱ्या टायर कंपनीच्या फुग्याचं कौतुक करताना भल्या भल्या कसोटीपटूंना ऐकलं, तेव्हा त्यांची कीव आली होती. नंतर सवय झाली. सवय झाली हेच वाईट.

यातून माणसांचं काय होतं ते दोन मराठी आडनावांच्या माणसांकडे पाहून कळेल. हर्षा भोगले हैदराबादचे, संजय मांजरेकर मुंबईचे. मार्च २०१६ मध्ये विश्वचषक टी-२० स्पर्धेत भारत बांगलादेशाविरुद्ध एका धावेने जिंकला. त्या रात्री अमिताभ बच्चन यांनी कुणाचं नाव न घेता ट्विट केलं की भारतीय समालोचकाने सतत दुसऱ्यांबद्दल बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल बोलावं. कर्णधार धोनीने ते पुढे पाठवून दुजोरा दिला. इंग्रजी प्रक्षेपण बांगलादेशातही ऐकलं जातं, तिथे दोन्ही संघांबद्दल सारखंच बोलावं लागतं, असं भोगल्यांनी समजावून सांगितलं. पुढच्याच महिन्यात आयपीएल सुरू होण्याच्या तोंडावर ते समालोचकांच्या यादीतून गायब झाले. कारण काय ते त्यांनाही कुणी सांगितलं नाही. वर्षभराने ते परत आले, तेही कारण न कळता. मांजरेकरांना मार्च २०२० मध्ये वगळलं. त्यांची काही विधानं मलाही पटली नव्हती, २०१९ च्या विश्वचषकात जडेजाला ‘तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू’ म्हणणं तर मुळीच नाही. जडेजाने त्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बॅटने उत्तर दिलंही. पण चुकलेल्या समालोचकाला खोडून काढायला प्रेक्षक आहेत, खेळाडू आहेत, दुसरे समालोचक आहेत. बोर्डाने नोकरीवरून काढून खोडायचं ठरवलं की उरलेल्या सगळ्यांना निरोप पोहोचतो. त्यासाठी एकही परिपत्रक काढावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्याचं समालोचन नाकारलं, कारण संघनिवड, प्रशासन आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची, तेव्हा बोर्डाला नकोशी असलेली डीआरएस पद्धत या विषयांवर बोलायचं नाही अशी अट होती. गंमत पाहा, बाकीचं हवं ते बोला. फलंदाजाने आडव्या बॅटने मूर्खासारखा फटका मारला म्हणा, क्षेत्ररक्षकाने हाताला लोणी लावलं होतं म्हणा. विशी-पंचविशीतला पोरगा टीकेला मोकळा. त्याचं वेळापत्रक ठरवणारा, त्याला सलग तीन महिने विमानातून फिरवणारा, बिनछपराच्या स्टँडचं तिकीट विकणारा मात्र मर्यादेपलीकडे.

आणि ही पाळी कुणावर यावी? मुंबई क्रिकेटचा सगळा लौकिक ज्या ‘खडूस’ शब्दावर उभा आहे त्या परंपरेतल्या माणसांवर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शतक ठोकून आलेल्या पोरालाही ‘नव्वदीत तीन वेळा बॅट आडवी आली’ असं तोंडावर ऐकवणारे म्हातारे बसलेले असायचे. मुंबई क्रिकेटमध्ये वाढलेल्या गावसकर आणि शास्त्री यांचे समालोचनाचे करार थेट बोर्डाशी आहेत, हे २०११ साली वृत्तपत्रांनी छापलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. गावसकर आजही तिखट बोलू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला ऋषभ पंतने नको तो फटका मारून विकेट फेकली तेव्हा ‘स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड’ म्हणून ते कडाडले आणि ती ओळ देशभर गाजली. तो माइक ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा, एबीसीचा होता. घरच्या माइकवर पंतला तसं म्हणताही आलं असतं, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. पण पंतला पाठवणाऱ्यांना?

यावर नेहमी येणारं उत्तर असं की हक्क विकत घेतले की सगळीकडे असंच होतं, बाजार आहे. असं नाही. इंग्लंडमध्ये स्काय वाहिनी तिथल्या बोर्डाला भरभक्कम पैसे देते, पण समालोचक स्वतः नेमते. इंग्लंडचे माजी कर्णधार मायकेल अथर्टन तिथे समालोचन करतात आणि ‘टाइम्स’ या वृत्तपत्राचे क्रिकेट प्रतिनिधी म्हणून त्याच बोर्डावर कोरडेही ओढतात. जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला कसोटीचा पहिला दिवस पावसाने खोळंबला असताना वेस्ट इंडिजचे माजी वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंग वंशभेदाबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलले. आईवडिलांबद्दल बोलताना पुढे त्यांचा आवाज फुटला. वाहिनीने त्या विषयावर आधीच चित्रफीत तयार ठेवली होती. म्हणजे पैसा तिथेही आहे, फरक नेमणुकीच्या कागदावर कुणाची सही आहे याचा आहे.

आपल्याकडची ही गाठ मुळात कशी बसली ते पाहण्यासारखं आहे, कारण तिची सुरुवात एका चांगल्या निकालाने झाली. १९९३ चा हिरो कप आठवा. ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात सचिनने टाकलेलं शेवटचं षटक, अंतिम सामन्यात कुंबळेचे १२ धावांत ६ बळी. हे चेंडू पडत असताना न्यायालयात वेगळाच सामना चालू होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले होते. दूरदर्शनचं म्हणणं, या देशात प्रक्षेपण आम्हीच करणार. आणि हक्काचे पैसे देणं राहिलं बाजूला, उलट सामन्यामागे ५ लाख रुपये संघटनेनेच आम्हाला द्यावेत. कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवून ठेवली. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. महाराष्ट्राला ते नंतर मंत्र्यांच्या चौकशीच्या सावंत आयोगामुळे ठाऊक झाले, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम हे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि प्रक्षेपणात प्रेक्षकाचा माहिती मिळवण्याचा हक्क महत्त्वाचा, असं त्यांनी मांडलं.

या निकालाचं अर्धं वाक्य आपण उचललं. दूरदर्शनची मक्तेदारी गेली, बोर्डाला आपला माल विकण्याची मोकळीक मिळाली आणि आज आपण पाहतो ते सगळं वैभव आलं. उरलेलं अर्धं वाक्य असं होतं की या लहरींवर नियंत्रण ठेवायला समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेली स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक संस्था केंद्र सरकारने ताबडतोब स्थापन करावी. ती तीस वर्षांत झाली नाही. न्या. जीवन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लहरी धनिकांच्या हाती गेल्या तर काय होईल याची चिंता व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेच्या वाहिन्या एक झाल्या. आज आयपीएल, भारतातल्या मालिका आणि आयसीसीच्या स्पर्धा हे सगळं आपल्यापर्यंत एकाच कंपनीच्या पडद्यावरून येतं. विकणारा एक, घेणारा एक. १९९३ साली निदान दोघे भांडत तरी होते!

दूरदर्शनचे दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ऐन रंगात आलेला सामना तोडून बातम्या लावणारं दूरदर्शन मी पाहिलंय. एकाच टोकाला कॅमेरा असल्यामुळे निम्मी षटकं यष्टिरक्षकाच्या पाठीमागून, फलंदाजाचा पार्श्वभाग बघत काढलीत. खासगी वाहिन्यांनी खेळ दाखवण्याची कला कुठल्या कुठे नेली. त्या पैशातून रणजी खेळलेल्या जुन्या खेळाडूंना पेन्शन मिळतं, हेही खरं. कबड्डीचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि जो खेळ गल्लीच्या मैदानावर हॅलोजनच्या उजेडात संपायचा तो देशभर बैठकीच्या खोलीत पोहोचला. फक्त ती लीग चालवणाऱ्या कंपनीत बहुतांश भागीदारी वाहिनीचीच. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाला कबड्डी महासंघावर प्रशासक नेमावा लागला. चढाई-पकडीच्या त्या आरडाओरड्यात त्याबद्दल काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

ज्याचा बाजार नाही त्याकडे कॅमेरा वळतच नाही, हा या व्यवस्थेचा दुसरा भाग. ७ फेब्रुवारी २०१८, दक्षिण आफ्रिकेतलं किंबर्ली. भारतीय महिला संघाने ३०२ धावा केल्या, त्यात सांगलीच्या स्मृती मंधानाच्या १३५. मग झूलन गोस्वामीने एकदिवसीय क्रिकेटमधला आपला २००वा बळी घेतला. हा टप्पा गाठणारी ती जगातली पहिली स्त्री. भारत १७८ धावांनी जिंकला. या सामन्याचं थेट प्रक्षेपणच नव्हतं. लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात याच मुलींसाठी सगळा देश श्वास रोखून बसला होता, त्याला सात महिनेही झाले नव्हते. सांगलीतल्या कुणाला ती खेळी बघायची असती तर त्याने मोबाइलवर धावफलकाचे आकडे बदलताना पाहायचे. मग २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषक जिंकला गेला आणि प्रत्येक वाहिनीला ‘आपल्या लेकी’ आठवल्या. आनंद मलाही झाला, डोळेही भरले. पण त्या रात्री निवेदकांच्या तोंडून ‘आम्ही नेहमीच त्यांच्या पाठीशी होतो’ असा सूर निघू लागला तेव्हा मी आवाज बंद केला.

बातम्यांच्या वाहिन्यांनी ही उणीव भरून काढायची. त्यांनी काय केलं? त्यांना सामन्याची दृश्यं मोजून-मापून मिळतात, म्हणून त्या सामन्याऐवजी भोवतालचा धुरळा दाखवतात. भारत-पाकिस्तान असला की रणगाड्यांचे आवाज, ‘महामुकाबला’, ‘बदला’. विजय असला की विमानतळापासून बसचा पाठलाग. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर टी-२० विश्वविजेत्यांची मिरवणूक होती. गर्दीने अँब्युलन्सला वाट करून दिली ती चित्रफीत आपण वीस वेळा पाहिली आणि मुंबईकराच्या मोठेपणाने भारावलो. त्याच गर्दीत लोक गुदमरले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि सकाळी महापालिकेच्या कामगारांनी गाड्या भरून चपला-बूट उचलले. माणूस चप्पल सोडून कधी पळतो, हा साधा प्रश्न त्या दिवशी कुणी लावून धरला असता तर?

अकरा महिन्यांनी, ४ जून २०२५ ला, बंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण मेले. आदल्या रात्री अहमदाबादला आयपीएल जिंकलेला संघ सत्कारासाठी आला होता. बाहेर माणसं मेली तरी आत सोहळा आटोपता का होईना, झालाच. मी पाहत होतो त्या वाहिनीवर पडद्याच्या डाव्या चौकटीत चषक आणि उजव्या चौकटीत रस्त्यावर पडलेली माणसं होती, आणि निवेदकाला बराच वेळ कळेना की आवाज उत्साहाचा ठेवायचा की दुःखाचा. त्याची चूक म्हणत नाही मी. सकाळपासून त्याला एकच आवाज काढायला लावलं होतं. गर्दी किती आहे, पोलिस किती आहेत, दारं कुठली उघडी आहेत, हे बातमीदाराचे प्रश्न. पण त्याला बातमीदार म्हणून तिथे पाठवलंच नव्हतं, वऱ्हाडी म्हणून पाठवलं होतं.

मराठीत हे फार पूर्वी कळलेला एक माणूस होता. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडा संपादक वि. वि. करमरकर. खेळाच्या बातमीला त्यांनी दैनिकात हक्काचं पान मिळवून दिलं आणि त्या पानावर क्रिकेटइतकाच मान कबड्डी, खो-खो, कुस्तीला दिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निकालाइतकीच संघटनांची भांडणं, निवडीतले घोळ, मैदानांची अवस्था त्यांनी बातमी मानली. ते आकाशवाणीवर मराठीतून समालोचनही करत, आणि लेखणी हातात घेतली की माइकचं मिंधेपण त्यात उतरत नसे. मार्च २०२३ मध्ये ते गेले. गेल्या काही वर्षांत आयपीएल मोबाइलवर मराठी समालोचनासह दिसू लागली. आकाशवाणीवरच्या बाळ ज. पंडितांच्या आवाजावर वाढलेल्या पिढीला मराठीत ‘काय तडाखा हाणलाय’ ऐकून बरं वाटलं, मलाही वाटलं. त्या समालोचनात रांगडेपणा आहे, कोल्हापुरी ठसका आहे, वडापाव आणि मिसळ तर षटकागणिक आहे. कट्टा सगळा आलाय, कट्ट्यावरचा खडूस म्हातारा तेवढा आणायचा राहिला.

‘लोकांना हेच हवं असतं’ हे मी मानत नाही. सामना संपल्यावर सलूनमध्ये, लोकलच्या दारात, ऑफिसच्या चहाच्या टपरीवर जा. निवड समितीपासून खेळपट्टीपर्यंत कशाची भीडभाड नसते. तिकिटं कुठे गेली, पासेस कुणाला मिळाले, हे तिथल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. या देशात खेळाबद्दल सर्वांत कमी खरं बोललं जाणारी जागा म्हणजे जिथून तो खेळ दाखवला जातो ती.

समालोचकांनी बोर्डाविरुद्ध बंड करावं असं माझं म्हणणं नाही. घरसंसार सगळ्यांना आहे. माझी मागणी त्याहून बरीच स्वस्त आहे, तिला एका ओळीची जागा लागते. समालोचकाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा खाली लिहा: ‘नेमणूक बीसीसीआयतर्फे’. सामन्याआधीच्या चर्चेत बसलेला तज्ज्ञ एखाद्या फ्रँचायझीचा सल्लागार असेल, तर तेही. क्रिकेट प्रशासन सुधारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ साली षटकांमधल्या जाहिरातींना आवर घालण्याची शिफारस केली तेव्हा बोर्डाचं दिवाळं निघेल अशी ओरड झाली आणि न्यायालयाने तो विषय बोर्डावरच सोडला. या ओळीने कुणाचा एक रुपया बुडणार नाही. ती दिसली म्हणून समालोचकावरचा विश्वास उडेल असंही नाही. भोगले बोलले तर मी ऐकेनच. फक्त कुठल्या कानाने ऐकायचं ते मला कळेल.

हे अशक्य वाटणाऱ्यांनी पुढच्या सामन्यात षटक संपल्यावर लगेच येणारी जाहिरात नीट पाहावी. सचिन आणि धोनी म्युच्युअल फंडाबद्दल चार चांगले शब्द बोलतात, आणि मग एक आवाज रेल्वे चुकणार असल्यासारखा धावत सांगतो की ही गुंतवणूक बाजारातल्या जोखमीच्या अधीन आहे, कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा. ते सांगितल्याशिवाय तीस सेकंदांची जाहिरातही दाखवता येत नाही. मग ती संपते आणि समालोचन पुन्हा सुरू होतं.